दुर्बिणीतून बसवलेली जाळी आणि पुढची दहा वर्षे: दीर्घकालीन निष्कर्ष कसे वाचावेत आणि निर्णय कसा घ्यावा

अंग बाहेर येण्याच्या तक्रारीवर दुर्बिणीतून जाळी बसवण्याची शस्त्रक्रिया सुचवली गेली, की स्त्री आणि तिच्या घरचे बहुधा एकच प्रश्न विचारतात: यश किती टक्के येते? उत्तरादाखल नव्वदच्या आसपासचा एखादा आकडा कानावर पडतो आणि निर्णय होऊन जातो. तो आकडा खोटा असतो असे नाही. पण तो नेमका कशाचा आहे, शस्त्रक्रियेनंतर किती वर्षांनी मोजलेला आहे आणि कोणत्या स्त्रियांमध्ये मोजलेला आहे, हे कळल्याखेरीज त्याला फारसा अर्थ उरत नाही. जाळी शरीरात कायम राहते, शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य वीस-तीस वर्षांचे असू शकते, आणि उपलब्ध अभ्यासांपैकी बरेचसे मात्र एक-दोन वर्षांतच थांबतात. त्यामुळे दहाव्या वर्षी पडू शकणारा प्रश्न शस्त्रक्रियेआधीच विचारून घेणे, हे या निर्णयातील सर्वांत महत्त्वाचे काम आहे. ते कसे करावे, याविषयी पुढील विवेचन आहे. प्रत्यक्ष तपासणीची जागा ते घेऊ शकत नाही. तपासणीच्या खोलीत जाण्यापूर्वीची तयारी म्हणून ते वाचावे.

शस्त्रक्रियेत काय केले जाते, हे आधी समजून घ्यावे

ओटीपोटातील अवयवांना खालून आधार देणारे स्नायू आणि त्यांना वरून धरून ठेवणारे बंध सैल पडले की गर्भाशय, मूत्राशय किंवा मलाशय योनिमार्गात उतरू लागतात; यालाच अंग बाहेर येणे म्हणतात. गर्भाशय पूर्वी काढलेले असेल, तर योनिमार्गाचा वरचा शेंडाच खाली येतो. बाळंतपण, वाढते वय, रजोनिवृत्ती, लठ्ठपणा, जुनाट खोकला, वर्षानुवर्षांची बद्धकोष्ठता आणि जन्मजात कमकुवत संयोजी ऊती ही त्यामागची मुख्य कारणे आहेत. यांपैकी बहुतेक कारणे शस्त्रक्रियेनंतरही तशीच राहतात, ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या अनेक आकड्यांचे स्पष्टीकरण तिच्यात आहे.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटावर लहान छेद घेऊन, पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून, दुर्बीण आणि बारीक उपकरणे आत घातली जातात. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या जाळीच्या पट्टीचे एक टोक योनिमार्गाच्या पुढच्या व मागच्या भिंतीला, किंवा गर्भाशय राखायचे असेल तर गर्भाशयाच्या मुखाभोवती, शिवले जाते. दुसरे टोक त्रिकास्थीच्या, म्हणजे कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी हाडाच्या, वरच्या कडेवरील घट्ट बंधाला टाक्यांनी किंवा टॅकरने, म्हणजे बारीक खिळ्यांसारखे टाचे मारणाऱ्या उपकरणाने, पक्के केले जाते. त्यानंतर पोटाच्या आतील आवरण जाळीवर ओढून शिवतात, म्हणजे आतडी जाळीला चिकटण्याची शक्यता कमी होते. गर्भाशय काढलेले असताना किंवा त्याच वेळी काढून केलेल्या शस्त्रक्रियेला सॅक्रोकोल्पोपेक्सी म्हणतात आणि गर्भाशय राखून केलेल्या शस्त्रक्रियेला सॅक्रोहिस्टेरोपेक्सी. आपल्यासाठी यांपैकी कोणती सुचवली आहे, हे कागदावर लिहून घ्यावे. दोन्हींचे दीर्घकालीन निष्कर्ष सारखे नाहीत आणि एकीचा आकडा दुसरीला लावता येत नाही.

ही कल्पना नवी नाही. पोट उघडून केली जाणारी सॅक्रोकोल्पोपेक्सी १९६२ पासून वैद्यकीय साहित्यात आहे आणि दुर्बिणीतून ती केल्याचे पहिले वृत्त १९९४ चे आहे. पुढे यंत्रमानवाच्या साहाय्याने होणारी शस्त्रक्रियाही रूढ झाली. या तिन्ही पद्धतींत पोटात शिरण्याची वाट वेगळी असली, तरी जाळी बसवण्याची जागा तीच असते. म्हणूनच पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेचे जुने निष्कर्ष दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेलाही मार्गदर्शक मानले जातात. रक्तस्राव, वेदना आणि रुग्णालयातील मुक्काम दुर्बिणीच्या पद्धतीत कमी असतो. जाळीचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

बातम्यांतील जाळी आणि आपली जाळी

जाळीविषयी घाबरवून टाकणारे जे काही वाचायला मिळते, त्यातील मोठा भाग योनिमार्गातून छेद घेऊन बसवलेल्या जाळीविषयीचा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा जाळीबद्दल २००८ आणि २०११ मध्ये इशारे दिले, २०१६ मध्ये तिला सर्वाधिक जोखमीच्या वर्गात टाकले आणि एप्रिल २०१९ मध्ये अंग बाहेर येण्याच्या उपचारासाठीची तिची विक्री थांबवायला लावली. ब्रिटनमध्ये जुलै २०१८ मध्ये तिच्या वापराला स्थगिती दिली गेली. पोटातून बसवल्या जाणाऱ्या जाळीला अमेरिकेतील तो आदेश लागू नव्हता. दोन्हींत फरक आहे तो मुख्यतः असा, की योनिमार्गातून जाळी बसवताना तिच्यावरची त्वचाच कापलेली असते आणि जंतूंचा वावर असलेल्या मार्गातून ती आत जाते, तर पोटातून बसवताना योनिमार्ग बहुधा उघडावाच लागत नाही.

एवढे वाचून सुटकेचा निःश्वास टाकणे मात्र घाईचे ठरेल. पदार्थ तोच आहे, तो कायम शरीरात राहतो, आणि पोटातून बसवलेली जाळीसुद्धा काही स्त्रियांमध्ये योनिमार्गाच्या भिंतीतून बाहेर डोकावते. फरक प्रमाणाचा आहे. ‘ती जाळी वेगळी आणि ही वेगळी’ एवढ्या एका वाक्यावर कोणी विषय संपवत असेल, तर विषय अजून संपलेला नाही असे समजावे.

यश कोणत्या मापाने मोजले, हे विचारावे

अभ्यासांत यश मोजण्याच्या निदान चार पट्ट्या वापरल्या जातात आणि एकाच गटातील स्त्रियांना त्या लावल्या तर चार वेगळी उत्तरे मिळतात. पहिली पट्टी तपासणीची आहे: डॉक्टरांनी मोजले तेव्हा योनिमार्गाचा कोणता भाग किती खाली आलेला होता? त्यातही शेंडा जागेवर आहे की नाही एवढेच पाहिले, की पुढची आणि मागची भिंतही धरली, यावर उत्तर बदलते. जाळी शेंड्याला उत्तम धरून ठेवते. पुन्हा उतरते ती बऱ्याचदा भिंत. म्हणून ‘शेंड्याचे यश पंच्याण्णव टक्के’ आणि ‘काहीतरी पुन्हा खाली आले’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. दुसरी पट्टी स्त्रीच्या स्वतःच्या जाणिवेची आहे: योनिमार्गात गाठीसारखे काही जाणवते का, दिसते का? तिसरी पट्टी पुन्हा उपचार घ्यावा लागला का, याची. चौथी पट्टी समाधानाची: आधीपेक्षा बरे वाटते का आणि हीच शस्त्रक्रिया पुन्हा निवडाल का?

यांपैकी कोणती पट्टी महत्त्वाची, हे ठरवण्याचा अधिकार स्त्रीचा आहे. तपासणीत भिंत थोडी उतरलेली दिसली, पण तिला त्याचा पत्ताही नाही, अशी स्थिती अनेकींची असते आणि तिला अपयश म्हणावे की नाही यावर तज्ज्ञांतही एकमत नाही. माझ्या मते जाणिवेची पट्टी पहिली धरावी आणि पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची दुसरी. पण दुसरीचा आकडा नेहमी थोडा गोड असतो, हे विसरू नये. त्रास परतला तरी वय, इतर आजार किंवा नुसता कंटाळा यांमुळे अनेक स्त्रिया पुन्हा शस्त्रक्रियेला तयार होत नाहीत, आणि नोंदीत त्या ‘पुन्हा शस्त्रक्रिया न लागलेल्या’ म्हणून जमा होतात.

दोन अभ्यास शेजारी ठेवून पाहू

आकडे कसे वाचावेत, हे उदाहरणावरून लवकर कळते. अमेरिकेतील ‘केअर’ नावाच्या चाचणीत ३२२ स्त्रियांवर पोट उघडून सॅक्रोकोल्पोपेक्सी केली होती. त्यांपैकी २१५ जणींनी पुढच्या पाठपुराव्यात भाग घेतला आणि सात वर्षांपर्यंतचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. या चाचणीत स्त्रियांचे दोन गट होते: एका गटात लघवीची गळती टाळण्यासाठी मूत्रमार्गाला आधार देणारी जोडशस्त्रक्रियाही केली होती, दुसऱ्यात नव्हती. सातव्या वर्षापर्यंत तपासणीच्या पट्टीने अपयश येण्याची शक्यता जोडशस्त्रक्रिया झालेल्या गटात २७ टक्के आणि दुसऱ्या गटात २२ टक्के निघाली. जाणिवेच्या पट्टीने ती २९ आणि २४ टक्के होती. आणि यांपैकी कोणतेही एक अपयश धरले तर ४८ आणि ३४ टक्के. जाळी किंवा टाके योनिमार्गात उघडे पडण्याची शक्यता सात वर्षांत १०.५ टक्के होती. याच चाचणीत पहिल्या दोन वर्षांपर्यंत हे प्रमाण ६ टक्के होते. म्हणजे दोन वर्षांवर थांबलेल्या अभ्यासाने हा धोका जवळपास निम्माच दाखवला असता.

दुसरा अभ्यास ब्रिटनमधील आहे आणि तो गर्भाशय राखून दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेचा आहे. शस्त्रक्रिया झालेल्या १,७६६ स्त्रियांना प्रश्नावली पाठवली गेली आणि १,१२१ जणींनी उत्तर दिले. पाठपुराव्याचा मध्यक, म्हणजे निम्म्या जणींच्या वर आणि निम्म्या जणींच्या खाली पडणारा कालावधी, ४६ महिन्यांचा होता. जाळीच्या गुंतागुंतीमुळे ती काढावी लागल्याचे प्रमाण ०.४ टक्के, शेंड्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया झाल्याचे ३.७ टक्के आणि कोणत्याही भागासाठी पुन्हा शस्त्रक्रिया झाल्याचे १३.६ टक्के होते.

एकीकडे १०.५ आणि दुसरीकडे ०.४. घाईने वाचणारा म्हणेल की दुर्बिणीची शस्त्रक्रिया पंचवीस पटीने सुरक्षित आहे. तसे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. पहिला आकडा तपासणीत जाळी किंवा टाका उघडा दिसण्याचा आहे, मग त्रास असो वा नसो; दुसरा आकडा जाळी काढावी लागण्याचा, म्हणजे गोष्ट बरीच पुढे गेल्याचा आहे. पहिला सात वर्षांचा, दुसरा चारेक वर्षांचा. पहिल्यात अनेक प्रकारच्या जाळ्या वापरल्या होत्या, त्यांत पुढे मागे पडलेल्याही होत्या; आजची जाळी बहुधा हलकी, मोठ्या छिद्रांची आणि एकेरी धाग्याची असते, आणि तिचे उघडे पडण्याचे प्रमाण कमी आहे. शिवाय दुसऱ्या अभ्यासात गर्भाशय राखलेले असल्याने योनिमार्गाच्या शेंड्यावर छेदच नव्हता. आणि जवळपास दोन-तृतीयांश स्त्रियांनीच उत्तर दिले. उरलेल्या बऱ्या होत्या म्हणून गप्प राहिल्या की दुसऱ्याच डॉक्टरांकडे गेल्या, हे प्रश्नावली सांगू शकत नाही. एवढे सगळे वजा करूनही दुसरा अभ्यास दिलासा देणाराच ठरतो. फक्त तो दिलासा किती जाडीचा आहे, ते कळते.

कोणताही अभ्यास किंवा कोणत्याही रुग्णालयाची स्वतःची नोंद समोर आली की हाच क्रम वापरावा: किती स्त्रिया सुरुवातीला होत्या आणि शेवटी किती उरल्या, किती वर्षांनी मोजले, कोणत्या पट्टीने मोजले, जाळी कोणती होती, गर्भाशय राखले होते की काढले होते, आणि तपासणी प्रत्यक्ष झाली होती की पत्राने वा फोनवर विचारले होते.

तुलना करायचीच, तर ती जाळी न वापरता योनिमार्गातून होणाऱ्या शस्त्रक्रियांशीही करावी. अमेरिकेतील ‘ऑप्टिमल’ चाचणीत स्वतःच्याच बंधांना टाके घालून योनिमार्गाचा शेंडा वर बांधण्याच्या दोन पद्धती तपासल्या होत्या. पाच वर्षांनी कडक, एकत्रित पट्टीने अपयशाचे प्रमाण एका पद्धतीत ६१.५ आणि दुसऱ्या पद्धतीत ७०.३ टक्के निघाले. तरीही त्या स्त्रियांच्या तक्रारींत झालेली सुधारणा बऱ्याच अंशी टिकून होती. वेगवेगळ्या चाचण्यांतील आकड्यांची थेट वजाबाकी करू नये, कारण स्त्रिया आणि पट्ट्या वेगळ्या असतात. पण समोरासमोर तुलना करणाऱ्या चाचण्यांचे एकत्रित परीक्षणही याच दिशेने जाते: पोटातून जाळी बसवल्यावर गाठ पुन्हा जाणवण्याचे, पुन्हा शस्त्रक्रियेचे आणि संबंधाच्या वेळी होणाऱ्या वेदनांचे प्रमाण योनिमार्गातील शस्त्रक्रियांपेक्षा कमी असते. त्याच्या बदल्यात शस्त्रक्रिया जास्त वेळ चालते आणि जाळीची जोखीम स्वीकारावी लागते.

लघवीचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा

खाली उतरलेला अवयव कित्येकदा मूत्रमार्गाला मुरड घालून ठेवतो आणि त्यामुळे गळती झाकली जाते. अवयव वर बांधला की मुरड सुटते आणि खोकताना, शिंकताना, हसताना थेंब गळू लागतात. ‘केअर’ चाचणीतील स्त्रियांना शस्त्रक्रियेआधी अशी गळतीची तक्रार नव्हती. तरी जोडशस्त्रक्रिया न केलेल्या गटात तीन महिन्यांनी ४४ टक्के आणि केलेल्या गटात २४ टक्के स्त्रियांमध्ये ती आढळली. सात वर्षांपर्यंत ही शक्यता त्याच क्रमाने, म्हणजे न केलेल्यांत ७७ आणि केलेल्यांत ६२ टक्क्यांवर गेली. यातील प्रत्येकीचा त्रास मोठा होता असे नाही, पण शस्त्रक्रियेनंतरची नाराजी बऱ्याचदा इथूनच सुरू होते. अंग जागेवर बसलेले असते, आणि स्त्री मात्र म्हणते, ‘आधी हे नव्हते.’ म्हणून शस्त्रक्रियेआधी अवयव तात्पुरता वर ढकलून, भरल्या मूत्राशयाने खोकून पाहण्याची तपासणी करून घ्यावी. गळती दिसली, तर त्याच वेळी जोडशस्त्रक्रिया करायची की आधी वाट पाहायची, याचा निर्णय आधीच व्हावा. वाट पाहणे हाही योग्य पर्याय आहे, कारण प्रत्येक जोडशस्त्रक्रिया आपल्यासोबत आपली जोखीम आणते.

आपला स्वतःचा धोका किती?

सरासरीचा आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही. ‘केअर’ चाचणीत धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांमध्ये जाळी उघडी पडण्याचा धोका सुमारे पाचपट आढळला; म्हणून शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी धूम्रपान सोडणे, हा ज्यावर आपला ताबा आहे असा बहुधा सर्वांत मोठा उपाय आहे. त्याच वेळी संपूर्ण गर्भाशय काढले, तर योनिमार्गाच्या शेंड्यावर टाक्यांची ओळ तयार होते आणि जाळी तिच्यावरच टेकते. तिथूनही धोका वाढतो. त्यामुळे गर्भाशय काढण्याचे वेगळे वैद्यकीय कारण आहे का, हे स्पष्ट विचारावे. कारण नसेल तर ते राखण्याचा, किंवा गर्भाशयाचे मुख ठेवून वरचा भाग काढण्याचा पर्याय चर्चेत यावा. मात्र गर्भाशय किंवा त्याचे मुख राखले की रक्तस्रावाची चौकशी आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची नियमित चाचणी पुढेही चालू ठेवावी लागते. मधुमेह आटोक्यात नसणे, रजोनिवृत्तीनंतर योनिमार्गाची त्वचा पातळ झालेली असणे, आणि पोटावर पूर्वी अनेक शस्त्रक्रिया झालेल्या असणे, या गोष्टीही सर्जनसमोर स्वतःहून मांडाव्यात.

मूल हवे असणाऱ्या स्त्रीने शक्यतो ही शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. गर्भाशय राखून जाळी बसवल्यावर गर्भधारणा झाल्याची उदाहरणे आहेत, पण त्याबाबतचा अनुभव थोडा आहे आणि प्रसूती बहुधा सिझेरियननेच करावी लागते.

शस्त्रक्रिया टाळण्याचे मार्गही खऱ्या अर्थाने पर्याय आहेत, केवळ उपचारापूर्वीची औपचारिकता नव्हेत. पेसरी म्हणजे योनिमार्गात बसवायची सिलिकॉनची कडी; योग्य मापाची मिळाली तर काही स्त्रिया ती वर्षानुवर्षे वापरतात. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून शिकलेले ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम सौम्य अवस्थेत तक्रारी कमी करतात. पुढे संबंध ठेवायचे नाहीत अशा वयस्क स्त्रीसाठी योनिमार्ग अंशतः शिवून बंद करण्याची छोटी शस्त्रक्रियाही उपलब्ध आहे. तिच्यात जाळी नसते आणि अंग पुन्हा बाहेर येण्याचे प्रमाण फार कमी असते.

सर्जनशी बोलताना

प्रश्न मोघम विचारला तर उत्तरही मोघम मिळते. ‘शस्त्रक्रिया चांगली आहे ना?’ असे विचारण्याऐवजी, तुम्ही वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, तुमच्या रुग्णांपैकी किती जणींची पाच वर्षांनंतरची स्थिती तुम्हाला ठाऊक आहे, आणि त्यांपैकी किती जणींना जाळीमुळे किंवा पुन्हा उतरलेल्या भागामुळे दुसरी शस्त्रक्रिया लागली, असे विचारावे. त्रिकास्थीजवळ मोठ्या रक्तवाहिन्या आणि उजवी मूत्रवाहिनी अगदी हाताशी असतात, शिवण्याचे काम नाजूक असते आणि त्यात हातखंडा यायला बऱ्याच शस्त्रक्रिया कराव्या लागतात; म्हणून हा प्रश्न उद्धट नाही. चांगला सर्जन त्याने दुखावत नाही. ‘माझ्याकडे अशी नोंद नाही’ हे प्रामाणिक उत्तर ‘माझ्याकडे गुंतागुंत होतच नाही’ या उत्तरापेक्षा अधिक भरवशाचे समजावे.

पुढे, गुंतागुंत झालीच तर ती कोण हाताळणार, हेही विचारावे. जाळी बसवणारे हात पुष्कळ असतात; ती सुरक्षितपणे काढणारे थोडे असतात. आणि शेवटी, दुर्बिणीने काम पूर्ण झाले नाही तर पोट उघडण्याला, किंवा जाळी बसवणे असुरक्षित वाटले तर ती न बसवता परत येण्याला आपली संमती आहे का, हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी बोलून ठेवावे.

शस्त्रक्रियेनंतरची वर्षे

घरी जाताना मिळणाऱ्या कागदांत जाळीची कंपनी, नाव आणि गट क्रमांक, ती कशाने पक्की केली आणि गर्भाशयाचे काय केले, या गोष्टी आहेत की नाही ते पाहावे. जाळीच्या पाकिटावरील चिकटपट्टी शस्त्रक्रियेच्या टिपणात लावलेली असते. तिची प्रत मागून घ्यावी. रुग्णालये बंद होतात, नोंदी नष्ट होतात, सर्जन निवृत्त होतात. पंधरा वर्षांनी हा एक कागदच पुढच्या डॉक्टरांना उपयोगी पडतो. पोटाची, कण्याची किंवा स्त्रीरोगाची कोणतीही शस्त्रक्रिया पुढे ठरली तर तो आधी दाखवावा.

पहिले सहा आठवडे जड उचलणे आणि संबंध टाळण्यास सांगितले जाते. त्यानंतर बहुतेक कामे करता येतात, पण बद्धकोष्ठता आणि खोकला यांवर उपचार करत राहणे हा आयुष्यभराचा भाग आहे, कारण जाळीने शेंडा धरला तरी शौचाच्या वेळी कुंथण्याचा जोर भिंतींवरच येतो. रजोनिवृत्तीनंतर योनिमार्गात वापरायचे इस्ट्रोजेनचे मलम कोरडेपणासाठी दिले जाते. स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर ते वापरण्याआधी सांगावे.

पाठपुरावा एका वर्षानंतर बहुधा आपोआप थांबतो, आणि तिथेच चूक होते. काही तक्रारी पाच किंवा दहा वर्षांनी उद्भवतात आणि तोवर स्त्रीला जाळी असल्याचाही विसर पडलेला असतो. पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव, सतत येणारा दुर्गंधीयुक्त स्राव, संबंधाच्या वेळी स्वतःला दुखणे किंवा जोडीदाराला काही टोचल्यासारखे वाटणे, या लक्षणांत जाळी उघडी पडली आहे का हे तपासावे लागते. अशा रक्तस्रावात गर्भाशयाच्या कर्करोगाची शक्यताही वगळावीच लागते. सगळा दोष जाळीला देऊन मोकळे होऊ नये. वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग होणे किंवा लघवीत रक्त दिसणे, यासाठी मूत्राशयाची दुर्बिणीने तपासणी लागू शकते. शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत किंवा महिन्यांत कंबर असह्य दुखू लागली आणि सोबत ताप आला, तर तो साधा कंबरदुखीचा प्रकार समजू नये: जाळी जिथे पक्की केली त्याच्या शेजारच्या मणक्यांमधील चकतीला जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. तो क्वचित होतो, पण वेळेवर एमआरआय झाला नाही तर निदान लांबते. पोट फुगणे, उलट्या आणि वायू न सरणे ही आतड्यातील अडथळ्याची लक्षणे आहेत आणि त्यासाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा प्रत्येक ठिकाणी पहिले वाक्य ‘माझ्या पोटात जाळी बसवलेली आहे’ हे असावे.

योनिमार्गात उघडी पडलेली जाळी दिसली म्हणजे ती लगेच संपूर्ण काढायची, असे नसते. भाग लहान असेल आणि काही त्रास नसेल, तर इस्ट्रोजेनचे मलम लावून लक्ष ठेवतात. त्रास असेल तर उघडा भाग तेवढा कापून वर त्वचा शिवतात आणि बऱ्याच जणींचे तेवढ्यावर भागते. जंतुसंसर्ग, आतड्याला किंवा मूत्राशयाला इजा किंवा न थांबणाऱ्या वेदना असतील, तर जास्तीत जास्त जाळी काढण्याचा विचार होतो. ही शस्त्रक्रिया बसवण्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा अवघड असते, कारण जाळीच्या छिद्रांतून ऊती वाढून ती आजूबाजूच्या भागाशी एकजीव झालेली असते. प्रत्येक वेळी सगळी जाळी निघतेच असे नाही, निघाली तरी वेदना जातीलच याची हमी नसते, आणि आधार गेल्यामुळे अंग पुन्हा खाली येऊ शकते. म्हणून काढण्याचा सल्ला मिळाल्यास स्त्रीरोग, मूत्ररोग आणि आतड्यांचे सर्जन एकत्र काम करतात अशा केंद्रात दुसरे मत घ्यावे, जाळी नेमकी कुठवर आहे हे प्रतिमाचित्रणातून पाहून घ्यावे, आणि काढल्यानंतर अंग पुन्हा उतरल्यास जाळीविना कोणता उपचार करायचा, तेही त्याच भेटीत ठरवून घ्यावे.